मोटार आपोआप चालते. मग चालक कोण?

स्वयंचलित मोटार म्हटले की चालकाची कटकट मिटली, असा माझा भाबडा समज होता. ऑस्ट्रेलियातील याविषयीचे नियम वाचू लागलो आणि तो पहिल्याच पानावर गळून पडला.

आधी यंत्राविषयी थोडे. स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पायऱ्या मानतात. दुसऱ्या पायरीवर मोटार स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते, पण माणसाने रस्त्यावरची नजर काढायची नाही. तिसऱ्या पायरीवर ठराविक परिस्थितीत यंत्र स्वतः चालवते आणि अडले की माणसाला हाक मारते. टेस्ला कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेली ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग (सुपरवाइज्ड)’ ही प्रणाली दुसऱ्याच पायरीची. नावात ‘पूर्ण’ आणि कंसात ‘देखरेखीखाली’! बारशातच अशी गफलत.

आता कायदा. ऑस्ट्रेलिया हे संघराज्य. बाजारात येणारी मोटार कशी असावी हे केंद्र ठरवते. तिची नोंदणी, चालकाचा परवाना, दंड हे राज्यांकडे. राज्यांचे वाहतुकीचे नियम एका सामाईक नमुन्यावर बेतलेले आहेत. त्यातला २९७ वा नियम सांगतो की, वाहनावर योग्य ताबा असल्याखेरीज चालकाने ते चालवू नये. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चालक म्हणजे हाडामांसाचा माणूस होता. ऑस्ट्रेलियाने मान्य केलेल्या १९४९ च्या जिनिव्हा करारातही प्रत्येक वाहनाला चालक हवाच, असे आहे. २०१६ साली केंद्राच्या व राज्यांच्या वाहतूकमंत्र्यांनी तर स्पष्टच केले की, नवे धोरण ठरेपर्यंत तिसऱ्या पायरीपर्यंतच्या मोटारीचा ताबा कायद्याने माणसाकडेच राहील.

गंमत अशी की, मार्च २०२५ पासून तेथे सर्व नव्या हलक्या मोटारींत आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक सक्तीचा आहे. म्हणजे यंत्राने ब्रेक लावावा ही केंद्राची सक्ती, आणि ताबा सुटला तर राज्य धरणार माणसाला!

यात अन्याय आहे का? मला वाटते, थोडा आहे. तासभर यंत्राने बिनचूक चालवले की माणसाचे लक्ष ढळणारच. आणि यंत्रही चुकते. २०१७ साली व्होल्व्हो कंपनीने कबूल केले होते की, तिच्या यंत्रणेला कांगारूचे अंतर कळत नाही. उडीत असताना तो लांब वाटतो, जमिनीवर टेकला की जवळ! पेंगुळलेल्या चालकाने अशा वेळी क्षणार्धात सावध व्हावे, ही कायद्याची अपेक्षा.

नव्या राष्ट्रीय कायद्याची आखणी तेथे काही वर्षे चालू आहे. यंत्र चालवीत असेल तेव्हा त्या यंत्रणेमागच्या कंपनीने जबाबदारी घ्यावी, अशी त्यातली कल्पना. कल्पना मला पटते. पण ती तिसऱ्या पायरीपासून पुढच्या मोटारींपुरती आहे. ‘पूर्ण’ म्हणून घेतलेल्या दुसऱ्या पायरीच्या मोटारीत बसलेल्या माणसाला मात्र फोनही हातात धरता येणार नाही, आणि दंडाची पावती त्याच्याच नावाने फाटेल.