पुण्यातील 'आर्यन' व 'प्रभात' : एकपडदा चित्रपटगृहांच्या ऱ्हासाचा एक विचार

प्रस्तावना

जुनी चित्रपटगृहे बंद पडण्याचे कारण सामान्यतः प्रेक्षकांच्या बदललेल्या अभिरुचीत शोधले जाते. दूरचित्रवाणी, व्हिडिओ आणि बहुपडदा संकुले यांनी प्रेक्षक हिरावून नेले, असे हे स्पष्टीकरण आहे. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. पुण्याच्या मध्यवस्तीतील दोन चित्रपटगृहांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली आहे.

उदय आणि उत्कर्ष

१९१५ मध्ये गंगाधरपंत पाठक यांनी मंडईजवळ 'आर्यन' सुरू केले. पुण्यातील हे पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह मानले जाते. मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंतचा सर्व प्रवास त्याने पाहिला. अप्पा बळवंत चौकाजवळील चित्रपटगृह २१ सप्टेंबर १९३४ रोजी सुरू झाले. इंदूरच्या किबे घराण्याच्या मालकीची ही वास्तू प्रभात फिल्म कंपनीने भाडेपट्ट्याने घेतली व ती 'प्रभात' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली होती. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. तथापि दामले कुटुंबाच्या व्यवस्थापनाखाली चित्रपटगृह चालू राहिले. मराठी चित्रपटाचे हक्काचे घर हा त्याचा लौकिक पुढेही टिकला. १९९१ चा 'माहेरची साडी' तेथे दीर्घकाळ चालला.

आर्थिक कारणे

एकपडदा चित्रपटगृहाचे अर्थकारण मुळातच जोखमीचे असते. शेकडो आसनांचे एकच सभागृह आणि त्यात बहुधा एकच चित्रपट. तो पडला की संपूर्ण आठवडा तोट्यात जातो. वीज, वेतन व दुरुस्तीचा खर्च मात्र थांबत नाही. बहुपडदा संकुलात हीच जोखीम अनेक लहान सभागृहांत विभागली जाते. त्यातच २००१ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने नव्या बहुपडदा संकुलांना पहिली तीन वर्षे करमणूक करातून पूर्ण सूट दिली आणि पुढील दोन वर्षे केवळ २५ टक्के कर आकारण्याचे धोरण स्वीकारले. ही सवलत नव्या उभारणीसाठी होती. जुन्या एकपडदा चित्रपटगृहांच्या वाट्याला ती आली नाही. म्हणजे ही स्पर्धा समान पातळीवरची नव्हती.

जागेचा प्रश्न

तरीही 'आर्यन' आणि 'प्रभात' यांच्या अखेरीचा निर्णय तिकीटखिडकीवर झाला नाही. 'आर्यन' १९८३ मध्ये, म्हणजे बहुपडदा संकुले येण्याच्या कितीतरी आधी, बंद झाले. त्याच्या जागी वाहनतळ आला. 'आर्यन' हे नाव त्या वाहनतळाला चिकटून राहिले. 'प्रभात'चा भाडेपट्टा डिसेंबर २०१४ मध्ये संपला आणि वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. पुढे नूतनीकरणानंतर 'किबे लक्ष्मी' या नावाने तेथे पुन्हा चित्रपट दाखविले जाऊ लागले. पहिल्या उदाहरणात वास्तू गेली आणि नाव उरले. दुसऱ्या उदाहरणात वास्तू उरली आणि नाव गेले.

या दोन्ही घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रपटगृह चालविणारा आणि त्या जागेवर हक्क असणारा हे भिन्न असतात, तेव्हा संस्थेचे आयुष्य तिच्या लोकप्रियतेवर नव्हे, तर जागेच्या हक्कावर अवलंबून राहते. शहराच्या मध्यभागी जमिनीचे मोल वाढत जाते, तसे त्या जागेचे इतर उपयोग अधिक किफायतशीर किंवा अधिक निकडीचे ठरू लागतात.

समारोप

सारांश, एकपडदा चित्रपटगृहांच्या ऱ्हासाकडे केवळ करमणुकीच्या साधनांतील बदल म्हणून पाहता येणार नाही. तो नागरी भूमी, करधोरण आणि सांस्कृतिक स्मृती यांच्या परस्परसंबंधांचा प्रश्न आहे. वारसा म्हणून वास्तूच्या दर्शनी भागाचे जतन करता येते. परंतु तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा विद्यार्थी, मंडईतील हमाल आणि पेठेतील कुटुंब यांना एकाच छताखाली आणणारा परवडणारा सार्वजनिक अवकाश जतन करण्याची तरतूद नगरनियोजनात असावी काय, याचा विचार नियोजनकारांइतकाच समाजशास्त्र व इतिहासाच्या अभ्यासकांनीही करणे आवश्यक आहे.