लिफ्ट, मिक्सर आणि दुपारचा उंचवटा

माझी पुतणी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या प्रोजेक्टचं यंत्र महिनाभर आमच्या डायनिंग टेबलावर मुक्कामाला होतं. मी बी. ए. मराठीची, मला वाटलं होकायंत्रच असेल. ‘‘काकू, हा फ्लक्सगेट. पृथ्वीचं चुंबकत्व मोजतो.’’

आपल्याकडे ते साधारण ४० हजार नॅनोटेस्ला. दुपारी उन्हामुळे वरच्या हवेत विजेचे प्रवाह वाढतात आणि त्यात तीस-चाळीसाची भर पडते. तो उंचवटा तिला कागदावर पकडायचा होता. म्हणजे हजार रुपयांत एक रुपया वाढला, तो ओळखायचा! सबमिशनला पंधरा दिवस उरलेले.

यंत्राची कल्पना मात्र अगदी घरगुती. खास धातूच्या गाभ्याभोवती तारेची वेटोळी. त्यांतून उलटसुलट प्रवाह सोडून गाभा एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं चुंबकत्वानं काठोकाठ भरायचा. बाहेर काही नसेल तर दोन्ही वेळा सारखंच. पण बाहेरचं चुंबकत्व असेल तर एका बाजूनं तो आधी भरतो. मापात आधीच मूठभर तांदूळ असले की ते लवकर भरतं ना, तसं. या फरकानं दुसऱ्या वेटोळ्यात, सोडलेल्या प्रवाहाच्या बरोबर दुप्पट तालावर, बारीकसा संदेश उमटतो.

तो गोंगाटातून वेगळा कसा काढायचा? पुतणी वेटोळ्यातून येणारं सगळं लगेच आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला द्यायची. कॉम्प्युटर प्रत्येक आकड्याला त्या दुप्पट तालाच्या लाटेनं गुणणार आणि सरासरी काढणार. तालातलं साठत जातं, बेताल एकमेकांना खोडतं. घरातल्या विजेची गुणगुण सेकंदाला ५० वेळा. म्हणून सरासरी २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीतच घ्यायची. वर-खाली मिळून शून्य. मी मुद्दाम मिक्सर लावून पाहिला. रेघ जवळजवळ ढिम्म!

तरीही रेघ मध्येच उडी मारायची. दोन दिवस पोरगी प्रोग्राममधली चूक शोधत बसली, जेवणाकडे लक्ष नाही. मंगळवारी आमच्या बचत गटाची मीटिंग. बायका एकेक करून येत होत्या आणि रेघ नुसती नाचत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला – लिफ्ट! एवढं लोखंड वर-खाली झालं की आजूबाजूचं चुंबकत्व खरोखरच बदलतं. ‘‘हे गणितानं नाही जायचं काकू,’’ ती रडवेली झाली.

हे दुखणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. आपल्या ‘आदित्य-एल१’ यानावर फ्लक्सगेटच आहेत. यानाचं स्वतःचं चुंबकत्व आड येऊ नये म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ६ मीटर लांब दांडा उघडला. एक सेन्सर टोकाला, दुसरा मध्यावर. जवळच्याला यानाची लुडबुड जास्त जाणवते, लांबच्याला कमी. त्या फरकावरून ती वजा करायची. आणि मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेनं काय केलं? १९०४ मध्ये सरळ अलिबाग गाठलं! याच कुलाब्याला १८५९ च्या सौर वादळात चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली होती, तीही माणसांनी डोळ्यांनी वाचून.

पुतणीकडे सेन्सर एकच. मग आम्हीही अलिबागचा मार्ग धरला, म्हणजे कोकणातलं माझं माहेर. वाडीत खड्डा करून मडक्यात सेन्सर पुरला, उन्हानं तापू नये म्हणून. लांब वायर ओढून लॅपटॉप पडवीत. पहिला दिवस बॅटरी दगा देण्यात गेला. दुसऱ्या दिवशी नऊनंतर रेघ हळूहळू वर चढू लागली. पुतणी श्वास रोखून बसलेली. साडेअकराला शिखर जवळ आलं आणि नेमकी आई नारळ सोलायला कोयता घेऊन वाडीत निघाली.

‘‘आजी, कोयता तिकडेच ठेवा!’’