सॉल्टेअर: मागच्या दाराचे घर

इंग्लंडमध्ये ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे. भिंतीला भिंत लावून एका ओळीत बांधलेली घरे. गिरणी कामगारांच्या अशा ओळींचा उत्तम नमुना यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअरला आहे. लोकरीचे कारखानदार टायटस सॉल्ट यांनी एअर नदीकाठी 1853 साली मोठी गिरणी सुरू केली आणि तिच्यालगत कामगारांचे गाव वसवले. त्यांचे आडनाव आणि नदीचे नाव जोडून गावाचे नाव पडले.

या घरांचे मोल कळायला आधी त्या काळच्या ब्रॅडफर्डची वस्ती पाहावी लागते. तिथे घरे पाठीला पाठ लावून बांधत. तीन बाजू बंद, दार एकच. वारा आरपार जायला वाट नाही. 1849 साली शहरात पटकीची साथ आली, तेव्हा सॉल्ट शहराचे महापौर होते.

सॉल्टेअरमध्ये प्रत्येक घराला दोन दारे मिळाली: एक पुढे रस्त्यावर, दुसरे मागे परसात. सगळ्या आराखड्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. परसात घरापुरता स्वतंत्र संडास, परसामागे गल्ली. साध्या घरात खाली बैठकीची खोली आणि भांडी घासण्याची मोरी, तळघरात कोठी, वर निजायच्या दोन-तीन खोल्या. पाणी आणि गॅस घरापर्यंत आणलेले.

लॉकवुड आणि मॉसन या ब्रॅडफर्डच्या वास्तुविशारदांनी गिरणी, चर्च आणि घरे एकाच इटालियन धाटणीत बसवली. भिंती परिसरातल्या पिवळसर वालुकाश्माच्या, छपरे स्लेटच्या पातळ फरशांची, ठिकठिकाणी गोल कमानीच्या खिडक्या. रस्ते काटकोनात आखलेले. त्यांना सॉल्ट यांच्या पत्नी कॅरोलाइन आणि मुलाबाळांची नावे आहेत. दोन रस्ते खुद्द वास्तुविशारदांच्या नावाचे.

ओळ सलग असली तरी तिची उंची सारखी नाही. मधली कामगारांची घरे बुटकी, तर टोकाला उंच आणि ऐसपैस घरे मुकादमांसाठी; काही ठिकाणी त्यांच्यापुढे छोटी बागही. गिरणीतला हुद्दा असा रस्त्यावरूनच ओळखू येई. लांबच लांब दगडी भिंत त्या उंच टोकांमुळे एकसुरी होत नाही, हे मात्र रचनाकारांचे खरे कसब.

सॉल्ट 1876 साली वारले, तोवर 800हून अधिक घरे उभी राहिली होती. रस्त्यावर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालणे सॉल्ट यांना पसंत नव्हते. त्यासाठी 1863 साली सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह बांधले गेले. गावात दारूचा गुत्ता मात्र त्यांनी उघडू दिला नाही.

गिरणी 1986 साली बंद पडली. 2001 साली युनेस्कोने गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. घरांत आजही माणसे राहतात. खिडकी वा दार बदलायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. मागचे परस बहुतेक घरांना अजून आहे.