बाळाची वावडी : समज आणि वस्तुस्थिती

सहाव्या महिन्यात उष्टावण यथासांग पार पडले, मामाच्या हातून खिरीचे बोट बाळाच्या जिभेला लागले आणि दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, वरणाचे पाणी, नाचणीचे सत्त्व असा क्रम सुरू झाला, की घरात एक नवेच खाते उघडते : बाळाला काय बाधले याच्या चौकशीचे. गालावर पुरळ दिसले तर कालचे केळे संशयित ठरते, शौच पातळ झाले तर तुरीच्या डाळीवर ठपका येतो, आणि पुष्कळदा कसलाही पुरावा न पाहता त्या पदार्थाची स्वयंपाकघरातून हद्दपारी होते. उलटपक्षी, ज्या लक्षणांची तातडीने दखल घ्यायला हवी ती मात्र ‘दात येताहेत’ किंवा ‘दृष्ट लागली’ या सबबीखाली मीठ-मोहऱ्या ओवाळून निकालात निघतात.

पहिला घोटाळा दुधाबाबतचा. दूध बाधले म्हणजे त्यातील शर्करा पचत नाही, असे सरसकट धरले जाते. वस्तुतः ही शर्करा पचविणाऱ्या विकराचा जन्मजात अभाव अत्यंत दुर्मिळ आहे. जुलाबाच्या दुखण्यानंतर आतड्याचे अस्तर सोलवटल्यामुळे काही काळ दूध पचेनासे होते, आणि अस्तर भरून आले की ती तक्रारही ओसरते. ही झाली असहिष्णुता. दुधातील प्रथिनाला शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू समजते ती अ‍ॅलर्जी, आणि ती निराळी. शौचात रक्ताचे धागे दिसणे हे तिच्या एका प्रकाराचे लक्षण असून, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळातही आईच्या आहारातील दुधामुळे ते क्वचित आढळते. अशा वेळी ‘गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या’ हा आजीबाईंचा सल्ला प्रेमाचा असला तरी उपयोगाचा नाही, कारण दोन्ही दुधांतील प्रथिने इतकी सदृश असतात की एकाचे वावडे असलेल्या बहुतेक बाळांना दुसरेही बाधते.

टोमॅटो किंवा संत्रे खाताना ओठांभोवती जी लाली उमटते ती बहुधा आम्लाने नाजूक त्वचा चुरचुरल्याची खूण असते आणि तोंड पुसल्यावर काही वेळात मावळते. खरी तत्काळ अ‍ॅलर्जी घड्याळाला धरून चालते : घास गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ वा पापण्या सुजतात, उलटी होते, आणि तोच पदार्थ पुन्हा दिल्यास बहुधा तोच प्रकार पुन्हा घडतो.

परंतु या घड्याळालाही एक अपवाद आहे, आणि तो नेमका आपल्या सर्वांत विश्वासू अन्नाशी निगडित आहे. भात कोणालाच बाधत नाही, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे की दुखणाइतालाही प्रथम पेजच दिली जाते. आणि बहुतांशी तो रास्तही आहे. तथापि अर्भकांतील एका विरळ विकारात दुधाप्रमाणेच तांदूळही कारण ठरतो. ‘मंगळवार, सकाळी दहा, तांदळाची पेज चार चमचे, बारा वाजल्यापासून उलट्यांवर उलट्या, बाळ पांढरेफटक, मान टाकलेली, अंगावर पुरळ नाही, ताप नाही’ अशी नोंद एखाद्या आईच्या वहीत असेल, तर पहिल्या खेपेस पोटाचा संसर्ग मानून सलाइन लावले जाते, आणि पंधरवड्याने त्याच पेजेनंतर तीच नोंद पुन्हा झाली म्हणजेच या विकाराची शंका येते. त्वचेची आणि रक्ताची नेहमीची अ‍ॅलर्जी-चाचणी येथे सहसा कोरी येते. निदानाचा आधार म्हणजे ती वहीच.

आता सर्वांत महाग पडलेला गैरसमज. शेंगदाणा, अंडे यांसारखे पदार्थ जितके उशिरा द्यावे तितके बरे, हे मत केवळ घरगुती नव्हते; अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली, ज्यांच्या कुटुंबात अ‍ॅलर्जीचा इतिहास आहे अशा मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचविले होते, आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आढळली; इस्रायलमधील बाळे वर्षाच्या आतच शेंगदाण्याचा खाऊ खात होती. लंडनचे गिडिऑन लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी मग तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आरंभी शेंगदाण्याची चाचणी कोरी असलेल्यांपैकी ज्यांना तो वर्ज्य केला त्यांच्यात पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी होती, ज्यांना नियमित खाऊ घातला त्यांच्यात १.९ टक्के. म्हणजे मज्जाव हाच अपाय ठरला. सहा महिन्यांनंतर बारीक कूट पेजेत कालवून द्यावे, अख्खा दाणा मात्र घशात अडकण्याच्या भीतीने मुळीच नको. आणि बाळाला तीव्र इसब असेल तर आरंभ डॉक्टरांना विचारूनच करावा.

इसबाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो तो उगाच नव्हे. लॅक यांचेच प्रतिपादन असे, की अन्नाचा परिचय तोंडावाटे झाला तर शरीर ते आपले मानते, आणि फुटलेल्या, खाजऱ्या त्वचेवाटे झाला तर परके. आपल्याकडे आंघोळीच्या वेळी डाळीचे पीठ दुधात कालवून बाळाच्या अंगाला चोळतात, आणि हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण मुंबईतील तज्ज्ञांनी २००१ सालीच नोंदविलेले आहेत. निरोगी कातडीवर या पिठाने काही बिघडते असे माझे म्हणणे नाही. पण इसब चिघळलेल्या अंगावर ते चोळणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मध वर्षाच्या आत वर्ज्य, हे खरेच. पण त्याचे कारण अ‍ॅलर्जी नसून त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून होणारी विषबाधा आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यावर शंभर पदार्थांची वावडी सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांविषयी इतकेच, की चाचणीत प्रतिपिंडे सापडणे आणि पदार्थ बाधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत : कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत चतुर्थांशाहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, पण खरी अ‍ॅलर्जी संभवनीय असणारे जेमतेम एक टक्का निघाले.

श्वास घरघरणे, आवाज बसणे, बाळ एकाएकी लुळे पडणे, यांपैकी काही दिसले तर वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे; तेथे मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रिनॅलिन हाच त्यावरील पहिला इलाज, पुरळावरचे औषध पाजून वाट पाहणे हा नव्हे.

आणि वावडे जन्मभराचे, हेही सरसकट खरे नाही. दूध व अंडे बहुसंख्य मुलांना मोठेपणी सोसू लागते, शेंगदाणा पाचांतील एखाद्यालाच. म्हणून ठरावीक मुदतीने फेरतपासणी करून घ्यावी, आणि वर्ज्य केलेला पदार्थ पुन्हा देऊन पाहायचा तो घरी नव्हे, डॉक्टरांच्या देखत.