लोककलेतील प्राणी आणि फुलीचा टाका : कसुती भरतकामाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मागील पिढीतील मराठी मध्यमवर्गीय घरांत मॅटीच्या कापडावर भरलेले हंस, मोर अथवा हरणांची जोडी काचेच्या चौकटीत लावलेली हमखास दिसे. हे काम क्रॉस स्टिचचे, म्हणजेच फुलीच्या टाक्याचे. त्याचे नमुने बहुधा छापील पुस्तिकांतून घेतलेले असत आणि त्यांतील प्राण्यांचे वळण पुष्कळदा परदेशी असे. अलीकडे या नमुन्यांत वारली, मधुबनी, गोंड अशा लोकचित्रांतील प्राण्यांना स्थान मिळू लागले आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि चित्रातील प्राणी चौकटींच्या कागदावर उतरविला की तो आपोआप टाक्यांचा प्राणी होतो, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक वाटते. टाक्यातील प्राण्याचा आकार मूळ चित्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कापडाच्या धाग्यांच्या मोजणीतून घडतो. प्रस्तुत लेखात हे उत्तर कर्नाटकातील कसुती या भरतकामाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कसुतीचे टाके व त्यांतील प्राणी

धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर व बागलकोट हा कसुतीचा प्रदेश. इरकली लुगडी आणि खण यांच्यामुळे तो महाराष्ट्राला परका नाही. कसुती प्रामुख्याने इरकली लुगड्याचा पदर, खणाची चोळी व लहान मुलांची कुंची यांवर भरली जाई. लग्नात मुलीला द्यावयाच्या काळ्या चंद्रकळेवर तर तिला विशेष मान होता. गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी यांच्या जोडीने अंबारीचा हत्ती, नंदी, मोर, पोपट, हंस, हरीण हे त्यातील नेहमीचे आकार होत.

या भरतकामात मुख्यतः चार टाके येतात. गवंती हा जाऊन परत येणारा धावदोऱ्याचा टाका असून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मुरगी हा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा टाका आहे. नेगी कापडात विणल्यासारखा भासतो. चौथा टाका मेंथी. मेथीच्या दाण्यांवरून त्यास हे नाव पडले, आणि हाच आपला फुलीचा टाका होय. कापडावर पेन्सिलीने अथवा छाप्याने काहीही न रेखता केवळ धागे मोजून काम करावयाचे आणि गाठ मारावयाची नाही, हा कसुतीचा दंडक आहे.

मेंथीने आकार भरीव होतो, गवंतीने रेषा मिळते, मुरगीने उतार साधतो. हत्तीचे खांबासारखे पाय व त्याच्या पाठीवरील अंबारी या गोष्टी आडव्या-उभ्या मोजणीला सहज मानवतात. मोराची मान मात्र गोलाई मागते. भरणारी स्त्री ती गोलाई सोडून देते आणि पायऱ्यांची मान तयार करते. ही तडजोड आहे असे चित्रकलेच्या दृष्टीने म्हणता येईल. पण कसुतीचा मोर ओळखू येतो तो नेमका त्या पायऱ्यांमुळेच.

गवंतीचा मार्ग

येथे गवंतीचा थोडा अधिक विचार करणे उपयुक्त ठरेल. पहिल्या फेरीत धागा एक टाका वर व एक टाका खाली असा जातो आणि परतीच्या फेरीत मोकळ्या राहिलेल्या जागा भरून काढतो. प्रत्येक रेषाखंडावरून धागा दोनदा जावा, एकदा कापडाच्या उजव्या बाजूने आणि एकदा उलट्या बाजूने, असा हा नियम आहे. हत्तीची सोंड, शेपूट, अंबारीचा कळस अशा अनेक फाटे फुटणाऱ्या आकृतीत हे साधेल काय? गणिताच्या प्राध्यापकांना येथे १७३६ मधील ऑयलरच्या सात पुलांच्या कोड्याची आठवण होईल. नकाशाचे बिंदू बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आळीपाळीने काळे-पांढरे मानले, तर सरळ आडवा किंवा उभा प्रत्येक टाका काळ्या बिंदूवरून पांढऱ्यावर अथवा पांढऱ्यावरून काळ्यावर जातो. काळ्यावरून निघालेला टाका वरच्या बाजूने व पांढऱ्यावरून निघालेला खालच्या बाजूने घ्यावयाचा असे ठरविले आणि प्रत्येक रेषाखंडावरून एकदा या व एकदा त्या दिशेने जाण्याचा मार्ग आखला, की आकृती दोन्ही बाजूंनी पूर्ण होते. आकृती सलग असेल तर असा मार्ग नेहमीच सापडतो. प्रत्येक फाट्यापाशी आधी फाटा पूर्ण करून परत मूळ रेषेवर यावयाचे, एवढेच पथ्य.

अट आहे ती सलगतेची. बाह्यरेषेपासून सुटा असा डोळा काढावयाचा झाल्यास त्यासाठी वेगळा धागा घ्यावा लागतो, अन्यथा उलट्या बाजूस दोरा लोंबकळताना दिसतो. म्हणजेच प्राण्याच्या अंगावर काय असावे आणि ते कशाला जोडलेले असावे, यात धाग्याच्या प्रवासालाही मत असते. शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रियांनी हा हिशेब डोक्यात ठेवून लुगडी भरली, हे आपण अध्यापक सहसा लक्षात घेत नाही.

वारली प्राणी चौकटीत उतरविताना

वारली चित्र हे मूलतः भिंतीवरचे. लग्नाचा चौक सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने लिहावयाचा, ही त्याची परंपरा. १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ते कागदावर आले व जगभर पोहोचले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. या चित्रांत माणसाप्रमाणे अनेकदा प्राण्यांचे धडही दोन त्रिकोण टोकाशी जोडून तयार होते आणि पाय, शिंगे, शेपूट या काडीने ओढलेल्या बारीक रेषा असतात.

इंचास १४ चौकटी असलेल्या कापडावर एका फुलीची रुंदी सुमारे १.८ मिलिमीटर भरते. पाच इंची बैलाला ७० चौकटी मिळतात. त्याचा तिरपा पाय फुल्यांनी भरला की त्याची जाड, तुटक पायरी होते आणि धावणारा बैल जागीच थबकतो. संगणकावर छायाचित्र टाकून काढलेल्या नमुन्यांत हा दोष सर्रास आढळतो. त्रिकोणांचेही तसेच. टोकाशी एकच चौकट यावयाची असेल, तर पायाच्या ओळीतील चौकटींची संख्या विषम असावी लागते. ती सम धरली की टोक दोन चौकटींचे होऊन कंबर बोथट दिसते. यावर उपाय कसुतीतच आहे. धड मेंथीने भरावे आणि पाय, शिंगे, शेपूट गवंतीच्या एकेरी रेषेने काढावीत.

मॅटीचे उभे-आडवे धागे समप्रमाणात असतात, हातमागाच्या लुगड्यात तसे असेलच असे नाही. त्यामुळे मॅटीवरचा हत्ती तितक्याच मोजणीने लुगड्यावर घेतल्यास बसका किंवा उंच होऊ शकतो. मोजणी कापडागणिक नव्याने करावी लागते.

एका पदराची मोजणी

सदर विषयाकडे प्रस्तुत लेखिका वळली ती एका घरगुती कारणाने. बेळगावकडील आजीची चंद्रकळा जीर्ण झाली म्हणून घरच्यांनी ती बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतले. पदराचा वीतभर तुकडा तेवढा पिशवीला अस्तर म्हणून उरला होता. अशा प्रकारे किती नमुने गेले असतील याची गणती नाही, कारण हे नमुने कागदावर कधी नव्हतेच. ते कापडावर व भरणाऱ्या स्त्रीच्या स्मरणात होते. आपल्या पदवी वर्गांच्या प्रात्यक्षिकांत मात्र छापील आलेखावरून भरलेल्या कामाच्या उजव्या बाजूला गुण दिले जातात. उलटी बाजू पाहण्याची पद्धत नाही. विद्यार्थिनींना घरातील एखादे जुने भरतकाम मोजून त्याचा आलेख करावयास सांगणे आणि गुणांचा काही भाग उलट्या बाजूसाठी ठेवणे, हे दोन बदल खर्चाविना करता येण्यासारखे आहेत.

त्या तुकड्यावरील हत्ती तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनींनी भिंगाखाली मोजला. सोंडेपासून शेपटीपर्यंत ३८ टाके, प्रत्येक टाका दोन धाग्यांवर. मागील पायाशी मात्र एक टाका तीन धाग्यांवर पडला आहे आणि भरणारीने पुढचा टाका एकाच धाग्यावर घेऊन हिशेब जुळवून घेतला आहे. आलेखात ही चूक दुरुस्त करावी काय, असे विद्यार्थिनींनी विचारले. ती तशीच नोंदविली आहे.