किल्लारीचा भूकंप : कारण, मोजमाप, परिणाम

कधी, कुठे? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. लातूर-धाराशिवच्या सीमेवरचा किल्लारी-सास्तूर परिसर.

कारण : भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकत युरेशियन भूपट्टाला रेटतो. त्याचा ताण दख्खनच्या पठाराखालच्या खडकांतही साठतो. तो असह्य झाला, की कमकुवत भेगेवर खडक सरकतात आणि ऊर्जा लहरींच्या रूपात मोकळी होते.

मोजमाप : परिमाण ६.२. भूकंपाचं परिमाण एकच असतं; तीव्रता, म्हणजे त्या जागी जाणवणारा हादरा, मात्र गावागणिक बदलते. परिमाण एका अंकाने वाढलं, की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते.

परिणाम : हजारो मृत्यू. केंद्र उथळ, जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. आदल्या रात्रीच गणेश विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. घरांच्या भिंती जाडजूड, पण दगड नुसत्या मातीत रचलेले. वर मातीचं जड माळवद. हादऱ्याने भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि माळवद खाली आलं. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली.

कोयनेहून वेगळा : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. खडकांच्या भेगांत पाण्याचा दाब वाढला, की आधीच ताणलेले खडक लवकर सरकतात. किल्लारीजवळ एवढा मोठा जलाशय नव्हता.

नकाशा बदलला : देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात १९९३ मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या सुधारित नकाशात हा विभागच रद्द झाला. किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.