कॉलेजचे पाहुणे दारात येतात तेव्हा

बारावीचा निकाल लागला की गावात नवे पाहुणे दिसू लागतात. इस्त्रीचे कपडे, हातात रंगीत माहितीपुस्तके, पिशवीत पावतीपुस्तक. तुम्हांला वाटते, बियाणे कंपनीचे लोक असतील. पण ते असतात कॉलेजचे प्राध्यापक. आपल्या कॉलेजला विद्यार्थी मिळावेत म्हणून ते वाड्यावस्त्यांवर फिरत असतात.

ही मंडळी वाईट असतात असे मुळीच नाही. पुष्कळ जण चांगली माहिती देतात, फॉर्म कसा भरायचा ते समजावून सांगतात. पण त्यांनाही वरून ठरावीक विद्यार्थी आणायला सांगितलेले असते, हे विसरू नका. ते आपली बाजू मांडायला आलेले असतात. आपली बाजू आपणच सांभाळायची असते.

एका ओळखीच्या घरची गोष्ट सांगतो. मुलीला बारावीला चांगले गुण होते. फार्मसीला जायचे मनात होते. मे महिन्यात पाहुणे आले. "काका, जागा संपत आल्या. आज दहा हजार भरा, जागा पक्की." वडिलांनी खतासाठी ठेवलेले पैसे दिले. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, तोही मूळ, त्यांच्या हवाली केला. पुढे केंद्रीय फेरीत मुलीला सरकारी कॉलेज मिळाले. कागद आणायला वडिलांनी तीन खेपा घातल्या. "साहेब नाहीत, उद्या या." त्यात हजर होण्याची तारीख टळली. आज ती पोर त्याच खासगी कॉलेजात शिकते आहे, पण प्रवेश संस्थेच्या कोट्यातला, म्हणून फी पूर्ण. गोठ्यातली दुभती म्हैस त्यासाठी गेली.

असे तुमच्या घरी होऊ नये, म्हणून आधीच तयारी करा.

बोलायचे मुलांनी

आपल्याकडे बोलणे चालते बापाशी आणि पोरगी उभी असते दाराआड. हे बदला. शिकायचे तिला आहे, म्हणून पुढे बसून विचारायचेही तिनेच. आठ दिवस आधी घरातच सराव करा. मामाला किंवा थोरल्या भावाला पाहुणा करा आणि तिला प्रश्न विचारू द्या. पहिल्यांदा हसू येईल, दुसऱ्यांदा धीर येईल. आपले गुण किती, कोणता विषय आवडतो, पुढे काय करायचे आहे, हे तिला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. मुलाचेही तसेच.

वहीत लिहून ठेवण्याचे प्रश्न

१. कॉलेजला मान्यता कोणाची? अभियांत्रिकीला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. यंदाच्या मान्यतेचा कागद दाखवा म्हणावे.

२. प्रवेश केंद्रीय फेरीतून, की संस्थेच्या कोट्यातून?

३. सगळ्या वर्षांचा मिळून खर्च किती? शिक्षण शुल्क, वसतिगृह, खाणावळ, बस, सगळे वेगवेगळे लिहून मागा. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. त्याने ठरवलेला आकडा विचारा.

४. आपल्या तालुक्यातला कोणी विद्यार्थी तिथे शिकतो का? त्याची गाठ घ्या. माहितीपुस्तकात जे नसते ते तो सांगेल.

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय केला की, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की सवलत गेली. "आमच्याकडे थेट प्रवेश" हे शब्द गोड लागतात, पण त्यांची किंमत एवढी मोठी आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. तिचीही चौकशी करा.

काय देऊ नये

मूळ कागद कोणाला देऊ नका. झेरॉक्स द्या. मूळ दाखले तपासून लगेच परत करावेत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे.

पावतीशिवाय पैसा देऊ नका. बियाण्याची पक्की पावती आपण मागतोच, मग इथे संकोच कसला? प्रवेशासाठी देणगी घेण्याला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

फोनवर आलेला नंबर आणि पासवर्ड सांगू नका. "फॉर्म आम्हीच फुकट भरून देतो" म्हणणारा पसंतीच्या यादीत आपलेच कॉलेज पहिले घालू शकतो. अभियांत्रिकीला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, की पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून यादी घरी बसून मुलानेच लावावी.

दाखले आधीच

उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, ज्याला जे लागू असेल ते अकरावीतच मागायला लागा. निकालानंतर कचेरीत गर्दी होते आणि त्याच सुमारास पेरणीही येते. शेतीच्या पदवीला जायचे असेल तर सातबारा जवळ ठेवा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत, त्यांच्या सरकारी कॉलेजांचा विचार आधी करा.

आणि कॉलेज डोळ्यांनी पाहून या. सुट्टीच्या दिवशी नको, तास चालू असताना जा. प्रयोगशाळेत उपकरणांवर धूळ आहे का, मुलींच्या वसतिगृहात बाईमाणूस देखरेखीला आहे का, गावाकडे परतीची शेवटची एस. टी. किती वाजता, हे बघा. मुलीच्या आईलाही बरोबर न्या. बापाच्या नजरेतून सुटते ते तिला दिसते.

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, बाजारात दोन फेऱ्या मारतो. इथे तर लेकराची चार वर्षे द्यायची आहेत. पाहुण्यांना चहा जरूर द्या, त्यांचे सगळे नीट ऐका. मग हसून सांगा, "विचार करून कळवतो." ज्याचे कॉलेज खरोखर चांगले आहे, तो पाहुणा या उत्तराने रागावणार नाही.